टाके निघाल्यानंतर

प्राणिशास्त्राच्या वर्गात त्वचेचा पाठ आला की मी दरवर्षी कावसजीची हकीकत सांगते. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा हा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. पुढे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ही हकीकत छापली, आणि युरोपातले शल्यविशारद थक्क झाले. त्यातली मेख अशी की कपाळावरची कातडी पूर्णपणे तोडायची नाही. भुवयांमध्ये ती एका पट्टीने जोडलेली ठेवायची, म्हणजे जुन्या जागेचे रक्त तिला मिळत राहते. नव्या जागेने तिला आपलेसे केले की सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापायची.

इथवर सांगून मी फळा पुसत असे. त्या पंचवीस दिवसांत तो माणूस जेवला कसा, झोपला कसा, लोकांसमोर कसा गेला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला माझ्या घरात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग निघाला. वय शेहेचाळीस. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात स्तन काढला आणि त्याच भुलीत पोटाच्या खालच्या भागातील त्वचा व चरबी घेऊन नवा घडवला. घरी पाठवताना हातात चार पानांचे इंग्रजी पत्रक दिले. ते बिलांच्या पिशवीत गेले. घरात मराठी, शेजारी कानडी. ते पत्रक नीट वाचणारी मी एकटी, आणि मीही ते वाचले नाही. हा लेख म्हणजे त्या चुकीची थोडी भरपाई समजावी.

आधी शास्त्र थोडक्यात. अमेरिकन शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी १८९४ साली स्तनासह छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी काढून टाकण्याची आपली पद्धत मांडली. ती पुढे अनेक दशके चालली. जीव वाचवणे हेच ध्येय. मागे काय उरते याचा विचार गौण. १९०६ मध्ये इटलीतील तान्सिनी यांनी पाठीच्या स्नायूने ती जखम झाकण्याची युक्ती प्रसिद्ध केली, पण ती बराच काळ विस्मृतीत गेली. सिलिकॉनची पिशवी आली १९६२ मध्ये, टेक्सासातील ह्यूस्टन शहरात. पोटाचा भाग वर घेण्याची पद्धत हार्ट्राम्फ यांनी १९८२ मध्ये मांडली. आता पुष्कळ ठिकाणी पोटाचा स्नायू न घेता केवळ त्वचा, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या उचलतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्या छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. तत्त्व कावसजीच्याच नाकाचे: उचललेल्या मांसाला रक्त मिळाले तर ते जगेल, नाही तर नाही.

म्हणून पहिल्या एकदोन दिवसांत परिचारिका दर तासाला येऊन त्या जागेचा रंग आणि ऊब पाहते. रंग काळानिळा पडला किंवा जागा गार लागली तर रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तो शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद करायला सांगतात. आपल्याकडे इथे एक गफलत होते. डॉक्टर विचारतात, “सिगारेट ओढता का?” बाई प्रामाणिकपणे “नाही” म्हणते. मशेरीचे कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मशेरी हाही तंबाखूच.

घरी येताना जाऊबाईंच्या अंगाला नळ्या होत्या. त्वचेखाली साचणारे पाणी या नळ्यांतून टोकाच्या दाबता येणाऱ्या मऊ फुग्यात उतरते. ते दिवसातून दोनदा मोजून वहीत लिहायचे. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आले की नळी काढण्याचा विचार करतात, निर्णय अर्थात डॉक्टरांचा. आमच्या पुतण्याने ही वही दुधाच्या हिशेबासारखी चोख ठेवली. नळी काढल्यावर अंगावरून ओझे उतरल्यासारखे वाटले, असे जाऊबाई म्हणाल्या.

पोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत टाके. त्यामुळे पहिले काही दिवस त्या वाकूनच चालत; सरळ उभे राहण्याची घाई करायची नसते. साधारण सहा आठवडे जड उचलायचे नाही असे सांगतात. हे वाक्य आपल्या घरांत नीट समजत नाही. जड म्हणजे पोते असे आपल्याला वाटते. पाण्याची कळशी जड, उंच फळीवरचा पिठाचा डबा जड, कडेवरचे नातवंड तर फारच जड. मात्र हात छातीशी घट्ट धरून बसणेही वाईट, कारण त्याने खांदा आखडतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भिंतीवर बोटे चालवत हात हळूहळू वर न्यायचा. स्वतःची वेणी स्वतः घालणे हाही व्यायामच. कपड्यांच्या बाबतीत मात्र आपण सुदैवी: डोक्यावरून घालायचे कपडे अवघड जातात, पण पुढे हुकांचे सैल पोलके सहज चढते.

ज्यांच्या छातीत पोटाच्या मांसाऐवजी कृत्रिम पिशवी घालतात, त्यांची वाट थोडी निराळी. पुष्कळदा आधी रिकामी पिशवी बसवून आठवड्या-दोन आठवड्यांनी तिच्यात थोडे थोडे सलाईन भरतात, त्वचा ताणतात आणि काही महिन्यांनी कायमची पिशवी घालतात. ‘कायमची’ म्हटले तरी ती जन्मभर टिकेलच असे नाही.

ताप येणे, लाली पसरणे, घाण वास, एकाएकी वाढलेली सूज यांसाठी लगेच डॉक्टरांना कळवावे. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालय गाठावे. त्या बाजूच्या हाताच्या बांगड्या घट्ट होऊ लागल्या, हात जड वाटला, तर तेही सांगावे. काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर अशी सूज पुष्कळ काळानेही येते.

आता आमची चूक. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंना थंडी वाजत होती. सासूबाईंनी मायेने गरम पाण्याची पिशवी भरून दिली, त्यांनी ती छातीशी धरली. संध्याकाळी पोलके बदलताना पाहतो तो टपोरा फोड! त्यांना काहीच कळले नव्हते. शस्त्रक्रियेत मज्जातंतू तुटलेले असतात. त्वचा जिवंत असते, तिला रक्त असते, पण तिला चटका कळत नाही. ती जखम भरायला तीन आठवडे लागले. डॉक्टर फोनवर म्हणाले, “पत्रकात तिसऱ्या पानावर लिहिले आहे.” लिहिले होते खरे. शेक, गरम पिशवी, कढत पाणी यांपासून ती जागा जपावी, असे स्पष्ट लिहिले होते.

दुसरी चूक माझी एकटीची. टाके पूर्ण निघाले त्या दिवशी मी उत्साहाने म्हणाले, “चला जाऊबाई, बऱ्या झालात तुम्ही!” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “टाके निघाले गं, पण ही छाती अजून माझी नाही.”

घरातल्या कोणाच्या हिशेबात हे नव्हते. आम्ही जखमेचे दिवस मोजत होतो, आणि जखम सहा आठवड्यांत बऱ्यापैकी भरते. घडवलेल्या स्तनाचा आकार स्थिर व्हायला काही महिने जातात, व्रण फिके पडायला वर्ष-दीड वर्ष. संवेदना परतते ती हळूहळू आणि अर्धवट. काहींना परतत नाहीच. डोळ्यांना ते अंग दिसते आणि हाताला परके लागते. पाहुण्यांची रीघ थांबते, औषधांचे डबे कमी होतात, आणि नेमके तेव्हाच मन खचते. त्यात नातेवाईक बोलून जातात, “रोग गेला ना, मग रडतेस कशाला?” किंवा त्याहून बोचरे, “या वयात हे कशाला करून घेतलेस?” पुनर्रचना करावी की न करावी हा ज्या त्या बाईचा निर्णय. अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये कृत्रिम स्तन नाकारण्याची आपली कारणे ठामपणे लिहिली आहेत. जाऊबाईंनी तितक्याच ठामपणे दुसरे निवडले. दोघींनाही खुलासा देत बसावे लागले, हे मला खटकते.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या बाईंनी स्तन काढल्यानंतर एक काम सुरू केले. त्या रुग्णालयात जाऊन अशाच इतर स्त्रियांना भेटू लागल्या, हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी नेऊ लागल्या. चेंडूपेक्षा मोलाचे हे की समोरची बाई त्याच वाटेने चालून आलेली असे. आपणही डॉक्टरांना वा परिचारिकेला विचारावे, अशी कोणी बोलायला मिळेल का म्हणून. आमच्याकडे तशी कोणी मिळाली नाही. मिळाली ती शेजारची कानडी अक्का. ती रोज अकराला दारात येई, “ऊटा आतेनरी?” एवढेच विचारी, म्हणजे जेवण झाले का, आणि भरलेल्या कळशा आत ठेवून जाई. सहा महिने. इतरांनी यायचे थांबवले, तिने नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील सहकाऱ्यांनी या मजकुराचा सारांश कन्नडमध्ये दिला तर बरे होईल, कारण अक्कांच्या घरीही पत्रके इंग्रजीच येतात.

गेल्या श्रावणात संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. हसू आवरत नव्हते. म्हणाल्या, “अगं, ऐक तरी. आज तिथे कडेला खाज सुटली!”