कासव आणि मागे येणारा दोर



या वेळच्या अभ्यासासाठी संयुत्त निकायातील कुम्म सुत्त घेतले आहे. लाभ, सत्कार आणि कीर्ती यांविषयी तथागतांनी भिक्खूंना केलेल्या उपदेशांपैकी ते एक. डोहात कासवांचे मोठे कूळ राहते. एक कासव दुसऱ्याला बजावते, त्या जागेकडे जाऊ नकोस. ते जातेच. शिकारी दोर बांधलेले शस्त्र मारतो. कासव घरी परतते आणि सांगते की जखम वगैरे काही नाही, फक्त हा दोर मागे मागे येतोय. शस्त्र म्हणजे लाभ आणि कीर्ती. दोर म्हणजे त्यांची गोडी, नंदिराग.

हे वाचताना मला लीना झवारोनी आठवली. इथल्या पन्नाशी-साठीच्या सहकाऱ्यांना हे नाव सांगून पाहा, ते क्षणभर गप्प होतात. स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरील रोथसे गावची ही मुलगी. 1974 साली, दहाव्या वर्षी, 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या टीव्ही स्पर्धेत ती सलग पाच आठवडे जिंकली. तिचा अल्बम ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचला. हॉलिवूडमध्ये फ्रँक सिनात्रा असलेला कार्यक्रम, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यासमोर गाणे, लंडनच्या नाट्यशाळेत शिक्षण. तेराव्या वर्षापासून अॅनोरेक्सिया. पुढे सरकारी भत्त्यावर हर्टफर्डशरमधल्या फ्लॅटमध्ये एकटीचे जगणे. 1999 मध्ये 50 पेन्सची जेली चोरल्याचा आरोप झाला, तो मागेही घेतला गेला. त्याच वर्षी कार्डिफमध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि 1 ऑक्टोबरला न्यूमोनियाने ती गेली. वय 35.

प्रसिद्धीनेच आजार झाला, असे मी म्हणणार नाही. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारण असतेच असे नाही, हे सॉफ्टवेअरमधली चूक शोधणाऱ्यालाही ठाऊक असते. पटिच्चसमुप्पादही एकच कारण दाखवत नाही. पण वाढत्या वयात स्टेजच्या पोशाखात मावण्याचा दबाव तिने स्वतः बोलून दाखवला होता.

सुत्तातल्या कासवाला आधी बजावले होते आणि ते आपल्या पायांनी गेले. दहा वर्षांचे मूल त्या जागी आपल्या पायांनी जात नाही. त्याला कुणीतरी गाडीत बसवून नेते, रांगेत उभे करते, मोबाइल वर धरते.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये आहेत: वाईटापासून आवरणे, चांगल्यात रुजवणे, शिल्प शिकवणे, योग्य जोडीदार पाहणे, वेळेवर वारसा देणे. गाणे शिकवणे 'शिल्पा'त नक्की बसते. शिकवण्यात मला कुठलीच अडचण दिसत नाही, आपली भीमगीते मुलांनीच पुढे न्यायची आहेत.

मागच्या जयंतीला माझी मुलगी गायली. व्हिडिओ मीच टाकला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर मी पहिला प्रश्न केला, किती जणांनी पाहिलं? सूर कुठे सुटला, मजा आली का, हे विचारलेच नाही. आठवड्याभरात तीच रोज सकाळी आकडा सांगू लागली. मग आकडा थांबला आणि तिने सांगणेही थांबवले. यंदा नावे देताना ती म्हणाली, "बाबा, मी गाते, पण तुम्ही शूटिंग करू नका."

मी हो म्हणालो. नंतर हळूच पत्नीला विचारले, तू करशील का?

तिने नुसते बघितले.