माहूरहून ज्योत आणल्यावर

प्रश्न : आमचं दुर्गोत्सव मंडळ घटस्थापनेला माहूरगडावरून ज्योत पळत आणतं. पोरं आळीपाळीनं धावतात. गेल्या वर्षी वेशीवर बाजा लागला, बायका ओवाळायला उभ्या राहिल्या आणि ज्योत हातात असलेला पोरगा उभ्या उभ्या कोसळला. रस्त्यात त्याला काहीच झालं नव्हतं. असं का व्हावं? – एक कार्यकर्ता, आर्णी तालुका

उत्तर : रस्त्यात काही झालं नाही, कारण तो धावत होता. धावताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला आवळतात आणि पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. माणूस एकदम थांबला की हे ढकलणं बंद होतं, रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. धनोड्याचा पैनगंगेचा पूल ओलांडून आश्विनातल्या उन्हात धावत आलेल्या पोराच्या अंगातलं पाणीही घामावाटे गेलेलं असतं, म्हणून हे आणखी लवकर होतं.

तेव्हा स्वागताचा क्रमच बदला. शेवटच्या टप्प्याला ताज्या दमाचा गडी ठेवा. वेस दिसली की धावणं सोडून चालायला लागा. ओवाळून होईपर्यंत त्यानं जागच्या जागी पावलं हलवत राहावं, मग ज्योत दुसऱ्याच्या हाती देऊन दहा-पंधरा मिनिटं फिरावं. पडलाच तर गर्दी हटवा, आडवा झोपवा, पाय वर उचलून धरा. पाणी पाजायची घाई नको. बहुतेक जण मिनिट-दोन मिनिटांत शुद्धीवर येतात.

शुद्ध येत नसेल किंवा अंग तापलेलं असून तो असंबद्ध बडबडत असेल, तर उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. देवी अंगात आली म्हणून हात जोडून वाट पाहू नका. मला सगळ्यात मोठी काळजी याचीच वाटते, कारण त्या अर्ध्या तासात जीव जाऊ शकतो.

प्रश्न : मुलाचा नऊ दिवस उपवास असतो. ज्योत आणून आला की अंग दुखतं म्हणून तो दुखण्याची गोळी घेतो. चालेल का? – एक आई, दिग्रस

उत्तर : नाही ताई, त्या दिवशी तरी नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. अंगातलं पाणी आटलेलं असताना हे धोक्याचं, आणि उपाशी पोटाला त्या झोंबतात त्या वेगळ्याच. त्याला लघवीचा रंग पाहायला सांगा. फिकट पिवळी झाली म्हणजे पाणी भरून निघालं. कोऱ्या चहासारखी गडद आली तर स्नायूंची मोडतोड होऊन त्यातले घटक मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तांब्यावर तांब्या नुसतं पाणीही नको. रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, उलट्या होतात. १ लीटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा सैंधव, वर लिंबू. तहान लागेल तसं घोट घोट. हे उपवासालाही चालतं. मग तासाभरात केळी किंवा उकडलेली रताळी, आणि जेवायला भगर नि शेंगदाण्याची आमटी. तेलकट साबुदाण्यापेक्षा ही जोडी कितीतरी सरस, कारण आमटीतल्या शेंगदाण्यात स्नायूंना लागणारी प्रथिनं असतात. मधुमेह असलेल्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास आणि धाव एकत्र करूच नये.

प्रश्न : आम्ही मित्र चतुर्थीला यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला धावत जातो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांना कळा येतात. काही फाटलं असेल का? – एक वाचक, यवतमाळ

उत्तर : बहुधा नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, म्हणून तिथेच कळ उठते. हे दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं आणि आठवड्यात निवतं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, दर्शनाला पायऱ्या उतराव्याच लागतात. पोचल्या पोचल्या उतरू नका. आधी बाहेर थोडं चाला, काही खा, मग आधार धरून एकेक पायरी उतरा. दुसऱ्या दिवशी हलकं चालणं चांगलं. मालिश करायची तर हलक्या हातानं, रगडून नको. हाडावर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, पाऊल टेकवत नसेल, तर मात्र एक्स-रे काढा.