उलटं वाचणारा संगणक

प्रश्न : शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे तपासणारा पायथॉन प्रोग्रॅम लिहिला. ‘कनक’ला होकार येतो, पण ‘रामाला भाला मारा’ला, मधल्या जागा काढूनही, नकार. चूक कुठे?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचा तर्क बरोबर आहे, घटक चुकला. आपल्याला ‘रा’ एक अक्षर वाटतं. युनिकोडमध्ये ती दोन चिन्हं, ‘र’ आणि काना. आपण ७ अक्षरं वाचतो, संगणक १४ चिन्हं मोजतो. पायथॉनमधला ओळ उलटवणारा [::-1] ती चिन्हं उलटवतो, मग काना व्यंजनाच्या आधी येतो आणि ओळ जुळत नाही. ‘कनक’मध्ये मात्राच नाही, म्हणून तो सुटला.

आधी अक्षरांचे गट पाडा. चिन्ह काना-मात्रा, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल, तर ते मागच्या गटाला जोडा. हलन्तानंतरचं व्यंजनही त्याच गटात घ्या, नाहीतर ‘नमस्ते’मधला ‘स्ते’ तुटेल. मग ही गटांची यादी उलटवा.

आता ‘चिमा काय कामाची’ देऊन पाहा. पुन्हा नकार येईल, कारण पहिली ‘चि’ ऱ्हस्व, शेवटची ‘ची’ दीर्घ. इथे मात्र माझ्या मते प्रोग्रॅमच बरोबर आहे. तो बदलू नका.