डाउन पेमेंटशिवाय घर : ॲडम्स काउंटी आणि सरकारी हमीचे ग्रामीण गृहकर्ज

'घर पहावे बांधून' ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. अमेरिकेत घर बांधायची वेळ सहसा येत नाही, पण डाउन पेमेंट जमवताना तिचा अर्थ नीट कळतो. मी पेनसिल्व्हेनियाच्या ॲडम्स काउंटीत राहतो. इथे घर घेऊ पाहणारी मराठी मंडळी मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, "एक पैसाही डाउन पेमेंट न भरता घर मिळते म्हणतात, ते खरे का?" ते खरे आहे, पण अटी समजून घ्यायला हव्यात.

आधी थोडा इतिहास. १८०० साली यॉर्क काउंटीतून ही काउंटी वेगळी झाली आणि तिला अध्यक्ष जॉन ॲडम्स यांचे नाव मिळाले. १८६३ च्या जुलैत येथील गेटिसबर्गची लढाई झाली आणि १९ नोव्हेंबरला लिंकन यांनी येथेच आपले प्रसिद्ध भाषण केले. त्याआधी दीड वर्ष, मे १८६२ मध्ये, त्यांनीच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या स्थापनेवर सही केली होती. आज ग्रामीण गृहकर्जाला हमी देते ते हेच खाते! १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने या खात्याला शेतकऱ्यांच्या घरांसाठी कर्ज देण्याचा अधिकार मिळाला. पुढे १९६१ मध्ये शेती न करणाऱ्या ग्रामीण रहिवाशांनाही दार उघडले. योगायोग असा की, १९४९ मध्येच या काउंटीतल्या सफरचंद बागायतदारांनी आपल्या साखर कारखान्यांसारखी सहकारी संस्था काढली. त्या 'नाउस फूड्स'चा सफरचंदाचा सॉस आजही दुकानात मिळतो.

आता योजनेकडे वळू. कर्ज बँक देते. ते बुडाले तर बँकेच्या नुकसानीची हमी, कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत, सरकार घेते. लक्षात ठेवा, हमी बँकेला आहे, आपल्याला नाही. हप्ते थकले तर घर जातेच.

समजा, घर अडीच लाख डॉलरचे आहे. २० टक्के डाउन पेमेंट म्हणजे ५०,००० डॉलर. एफएचए कर्जात साडेतीन टक्के, म्हणजे ८,७५०. या योजनेत शून्य. मात्र २०१६ च्या ऑक्टोबरपासून सुरुवातीला १ टक्का हमीशुल्क (सुमारे २,५०० डॉलर) आहे. ते कर्जातच मिळवता येते. शिवाय शिल्लक कर्जावर दरवर्षी ०.३५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे ७३ डॉलर. हे दर सरकार बदलू शकते, म्हणून अर्जाच्या वेळी विचारून घ्यावे. कर्ज ३० वर्षांचे आणि व्याजदर कायम.

अटी अशा :

१. घर पात्र ग्रामीण भागात हवे. आमच्या काउंटीचा बराचसा भाग बसतो, पण निर्णय पत्त्यावरून होतो. ऑफर देण्याआधी कृषी खात्याच्या नकाशावर पत्ता तपासा.

२. घरात स्वतः राहायला हवे. भाड्याने देण्यासाठी हे कर्ज नाही.

३. अर्जदार नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा. एच-१ व्हिसावर ही योजना मिळत नाही.

४. उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवे. चार माणसांपर्यंत एक मर्यादा, पाच ते आठ माणसांसाठी त्याहून जास्त.

चौथ्या अटीत आपली मंडळी हमखास अडकतात. कर्जावर सही कोणाची हे इथे पाहत नाहीत. घरातल्या सर्व प्रौढांचे उत्पन्न धरतात. आई-बाबा कायमचे राहायला आले, तर त्यांचे भारतातले पेन्शनही सांगावे लागते. उलट, त्यांच्यामुळे कुटुंब चारावरून सहावर गेले, तर मर्यादाही वाढते. दोन्ही बाजू मांडूनच हिशेब करा आणि काही लपवू नका.

शेवटी हप्त्यापलीकडचे खर्च. गावातल्या घरांना अनेकदा स्वतःची विहीर आणि सेप्टिक टाकी असते. पाण्यातील जंतू व नायट्रेट यांची तपासणी करून घ्या. तान्ह्या बाळाला नायट्रेटचे पाणी घातक ठरू शकते. तळघरात रेडॉन वायू मोजा. ४ पिकोक्युरी किंवा अधिक आढळल्यास उपाय करावाच. पेनसिल्व्हेनियात शाळेचा कर वेगळा भरावा लागतो. हॅरिसबर्ग आणि फ्रेडरिक दोन्हीकडे ३५-४० मैल, म्हणजे दोन गाड्यांचे पेट्रोलही आलेच.

डाउन पेमेंट वाचले म्हणून सगळी बचत फर्निचरवर घालवू नका. मी सर्वांना सांगतो, निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा आणि मगच सही करा. अंथरूण सरकारने थोडे लांब करून दिले आहे. पाय किती पसरायचे, ते मात्र आपणच ठरवायचे.