भ्रमणध्वनीवरील माहितीचा वेग : इंदूर परिसरातून मिळणारा धडा

दूरध्वनी हे एकेकाळी केवळ बोलण्याचे साधन होते. आज शेतकऱ्यास बाजारभाव, विद्यार्थ्यास परीक्षेचा अर्ज व निवृत्तिवेतनधारकास बँकेत जमा झालेली रक्कम याच साधनावर पाहावयास मिळते. सबब, या साधनावर माहिती किती वेगाने येते आणि ती कोठवर पोहोचते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो समजून घेण्याच्या दृष्टीने स्मार्टफोनच्या आरंभीचा, म्हणजे सुमारे २००८ ते २०१६ हा कालखंड विशेष उद्बोधक आहे. माळव्यातील इंदूर शहर व त्याच्या सभोवतालचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून त्याचा येथे विचार केला आहे.

यंत्र आधी, सेवा मागाहून

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पुढे याच दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २जी यंत्रणेवर, जीपीआरएस व एज या पद्धतींनी माहितीची ने-आण होऊ लागली. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन ३जी हा स्मार्टफोन भारतात विक्रीस आला. त्याच्या नावातच तिसऱ्या पिढीचा उल्लेख होता. तथापि त्या दिवशी देशात ३जी सेवा कोठेही सुरू झालेली नव्हती. महानगर टेलिफोन निगमने ती दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये, तर भारत संचार निगमने चेन्नईत फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू केली. खाजगी कंपन्यांसाठी लहरींचा लिलाव एप्रिल-मे २०१० मध्ये झाला.

या लिलावात देशातील सर्व २२ परिमंडळे एकाही कंपनीस मिळाली नाहीत. इंदूर ज्या मध्य प्रदेश परिमंडळात येते, त्यात छत्तीसगडचाही समावेश आहे. तेथे आयडिया, टाटा व रिलायन्स या कंपन्यांस ३जी लहरी मिळाल्या. एअरटेल व व्होडाफोन यांना मिळाल्या नाहीत. शेजारच्या महाराष्ट्र परिमंडळात मात्र व्होडाफोनने त्या मिळविल्या होत्या. परिणामी यंत्र तेच आणि कंपनीही तीच असली, तरी परिमंडळ बदलताच सेवेची प्रत बदलू शकत असे. यंत्राची किंमत मोजली म्हणजे वेगही विकत घेतला, ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

वेगाचे गणित

वेग बिटमध्ये मोजतात, तर छायाचित्राचा किंवा अर्जाचा आकार बाइटमध्ये सांगतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून एक मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे सुमारे ८,००० किलोबिट होत. जीपीआरएसवर सेकंदास ४० किलोबिटचा वेग मिळाल्यास ते पाठविण्यास २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. एजवर १५० किलोबिटचा वेग मिळाल्यास ५३ सेकंद लागतील, तर ३जीवर २ मेगाबिटचा वेग मिळाल्यास अवघे चार सेकंद पुरतील. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दिसणारी जी, ई, ३जी किंवा एच ही अक्षरे याच पायऱ्या दर्शवीत असत. जाहिरातीत ७.२ किंवा २१ मेगाबिट असे जे आकडे येत, ती कमाल मर्यादा होती. प्रत्यक्षात तितका वेग ग्राहकाच्या हाती येणे दुर्मिळ होते.

लहरींचा पल्ला

लहरींची कंपनसंख्या जितकी कमी, तितका सर्वसाधारणपणे त्यांचा पल्ला अधिक व भिंतींतून आत शिरण्याची क्षमताही अधिक. २जी सेवा ९०० व १८०० मेगाहर्ट्झवर, तर लिलावातील ३जी सेवा २१०० मेगाहर्ट्झवर चालत असे. तेवढेच क्षेत्र व्यापण्यास ३जीकरिता अधिक टॉवर उभारणे भाग होते. साहजिकच नवी सेवा प्रथम दाट वस्तीच्या शहरात आली व खेडी मागे राहिली.

यात भूरचनेची भर पडते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे. दक्षिणेस महू, सिमरोल व मानपूर यांच्या पुढे विंध्याचे कडे सुरू होतात आणि जमीन नर्मदेच्या खोऱ्याकडे, निमाडात उतरते. सपाट पठारावर लहरी दूरवर जातात. घाटातील वळणांत व दऱ्यांत डोंगराचा आडोसा येतो. त्यामुळे टॉवर सरळ रेषेत चार-पाच किलोमीटरवर असूनही कड्याखालील वस्ती सेवेविना राहू शकते. नकाशावरील अंतर व सेवेचे अंतर या भिन्न गोष्टी होत.

एक पाट, अनेक शेते

टॉवरची क्षमता पाटाच्या पाण्यासारखी असते. पाट एकच, परंतु पाणी घेणारी शेते अनेक. शेपटाकडील शेतकऱ्यास उरलेले मिळते. २जी यंत्रणेत संभाषणास अग्रक्रम असल्याने माहितीच्या वाट्यास उरलेली जागाच येई. रंगपंचमीची गेर अथवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहण्यास इंदुरात जो जनसमुदाय लोटतो, तशा गर्दीत पडद्यावर संकेताच्या सर्व रेघा दिसूनही पान उघडत नाही, याचे कारण हेच. रेघा लहरींची तीव्रता दाखवितात, आपल्या वाट्यास येणारा वेग दाखवीत नाहीत. शिवाय टॉवरपासून केंद्रापर्यंतचा दुवा अरुंद असेल, तर यंत्र व टॉवर दोन्ही उत्तम असूनही प्रवाह तेथेच अडतो.

धारचा पूर्वानुभव

स्मार्टफोन येण्यापूर्वीच हा प्रश्न या भागाने अनुभवला होता. इंदूरच्या पश्चिमेस असलेल्या धार जिल्ह्यात जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली. गावोगावच्या सूचनालयांतील संगणकांवर बाजारभाव, जमिनीच्या नोंदींचे उतारे व तक्रार नोंदविण्याची सोय उपलब्ध झाली. त्याच वर्षी योजनेस स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार लाभला. परंतु दूरध्वनीच्या कमकुवत तारा व खंडित वीजपुरवठा यांमुळे सेवेत वारंवार अडथळे आले. योजना चांगली होती, मागणीही होती. वाट अपुरी पडली.

बोध काय घ्यावा

पुढील वर्षांत परिस्थिती झपाट्याने पालटली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा व ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सेवा सुरू झाली. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास लागणारा किमान वेग २००४ मध्ये २५६ किलोबिट होता; तो २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. तरीही जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने ४जीपासून वंचित अशा २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली, यावरून पाटाच्या शेपटाकडील गावांचा प्रश्न किती मोठा होता, हे ध्यानात येईल.

नागरिकांनी नवे यंत्र घेण्यापूर्वी आपल्या घरी, शेतावर व शाळेत कोणत्या कंपनीची कोणती सेवा पोहोचते, हे पाहावे. २०२४ च्या विनियमांनुसार सेवेच्या व्याप्तीचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 'मायस्पीड' उपयोजनाद्वारे वेग स्वतः मोजता येतो. त्रुटी आढळल्यास १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. निवारण न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. शिक्षकांनी वरील गणित वर्गात सोडवून घेतल्यास विद्यार्थ्यांस बिट व बाइट यांतील भेद सहज उमगेल.

अधिकाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. एखादी सेवा केवळ भ्रमणध्वनीवरून देण्याचे ठरविण्यापूर्वी त्या गावी जाऊन वेग मोजणे इष्ट होय. एक मेगाबाइटच्या छायाचित्राऐवजी शंभर किलोबाइटचे छायाचित्र स्वीकारले, तर संथ वाटेवरील अर्जदाराचा प्रतीक्षाकाळ एकदशांशावर येतो, आणि याकरिता एकही टॉवर उभारावा लागत नाही. अर्जाच्या अंतिम दिनांकास कचेरीत कागदी अर्ज घेण्याची सोय ठेवल्यास, कड्याखालच्या वस्तीतील अर्जदाराचा हक्क टॉवरच्या अभावी बुडणार नाही.