दूरस्थ मानसोपचार : एक विचार

आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून मनोरुग्णाला येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्यायचे म्हणजे बरोबरच्या माणसांचाही रोजगार बुडतो. म्हणून पडद्यावरून रुग्ण तपासण्याची पद्धत मला मोलाची वाटते. ती तशी जुनीच! अमेरिकेत नेब्रास्का येथे १९५९ साली दुतर्फा दूरचित्रवाणीवरून मानसोपचार झाले. पुढे १९६४ साली ११२ मैलांवरचे नॉरफोकचे मनोरुग्णालय तिने जोडले गेले. भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्ये आली.

पडद्यावर चेहरा दिसतो, बोलणे ऐकू येते. परंतु औषधाने चालीत आलेला जडपणा किंवा मांडीवर ठेवलेल्या हाताचा कंप चौकटीबाहेरच राहतो. तो रुग्णाजवळच्या परिचारिकेने पाहून डॉक्टरांना सांगावा लागतो. माझ्या मते सारी भिस्त तिच्यावरच आहे. दुसरी अडचण एकांताची. सासू शेजारी बसली असता सून डॉक्टरांपुढे मन कसे मोकळे करील? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण त्या खोलीत सासूबाईंना "जरा बाहेर बसा" असे म्हणायचे कामही त्या परिचारिकेचेच.