दुखणाइताच्या हातीं असलेलें काम

कर्करोगावर उपचार घेणाऱ्याचे बहुतेक दिवस इस्पितळांत नव्हे, तर घरींच जातात. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. परंतु कसाऱ्याहून मुंबईची वाट सुमारें १२० किलोमीटरांची आहे. म्हणून घरीं कसें वागावें हें दुखणाइतास व घरच्यांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

पहिलें, तोंड. औषधांनीं पुष्कळदां तोंड येतें. कोमट पाण्यांत चिमूटभर मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसांतून चार-पांच वेळां चुळा भराव्या. मशेरी व तंबाखू वर्ज्य करावीं.

दुसरें, कातडी. किरणांचा उपचार चालू असतां अंगावरील खुणा पुसूं नयेत, व डॉक्टरांस विचारल्यावांचून तेथें हळद, तेल किंवा मलम लावूं नये.

तिसरें, ताप, हें सर्वांत महत्त्वाचें. केमोथेरपीनंतर बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, आणि साधा वाटणारा तापही प्राणावर बेततो. पारा १००.४ अंशांवर गेला, तर आपल्या मनानें गोळी घेऊन सकाळच्या गाडीची वाट पाहूं नये. तत्क्षणीं इस्पितळास कळवावें, शहापूरचें किंवा जवळचें सरकारी रुग्णालय गांठावें, आणि उपचाराचे कागद दाखवावे.

पुष्कळ दुखणाईत घरच्यांस त्रास नको म्हणून गप्प राहतात. उपदेशकांनीं भेटीस गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्या: घरांत तापमापक आहे काय? कागद कोठें ठेविले आहेत? पुढील तारीख कोणती?